दादाच्या तेराव्याची साठ पानं

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. सख्ख्या भावाच्या तेराव्याला माणूस माती खाऊ शकतो का? मी खाल्ली. आणि तीही शास्त्रशुद्ध!

त्याचं असं झालं, कॉलेजात संख्याशास्त्राने मला दोनदा आपटलेलं. निवृत्तीनंतर पनवेलला घरी माशा मारत बसलो होतो, म्हटलं, आता याचा सूड घ्यायचा. अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. सरासरी, मध्यक, बहुलक... बायको वैतागून देवळात जाऊन बसायची. नमुना पाहणीचा धडा लागला आणि मी हरखलोच. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! मोजक्या माणसांना विचारा, अख्ख्या गावाचं कळतं.

त्याच आठवड्यात दादा गेला.

दादा रेवसच्या लाँचवर खलाशी होता. धक्क्यावर लोकांना हात देऊन चढवण्या-उतरवण्यात जन्म गेला त्याचा. गावच्या घरी ओटीवर माणूस मावेना. मला मेलं रडूसुद्धा येईना. वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, ह्यांच्या दारातून कधी कोणी उपाशी गेलं नाही. तेराव्याला तेवढं सांभाळा."

आचारी विचारायला आला, "किती पानं धरू?" कोणीतरी मागून म्हणालं, तीनशे. तीनशे? अंदाजपंचे दाहोदरसे! मी म्हटलं, थांबा, पाहणी करून सांगतो.

आणि भावाचं सुतक बाजूला ठेवून मी ओटीच्या पायरीशी उभा राहिलो. भेटायला आलेल्यांतला दर पाचवा माणूस निघाला की गाठायचा. पुस्तकात तसंच दिलंय.

"तेराव्याला येणार ना?"

माणूस खाली बघायचा, चपला शोधायचा, चालू पडायचा.

"अहो, नक्की सांगा, येणार की नाही?"

दुसऱ्याने नुसते हात जोडले. तिसरा आभाळाकडे बघत राहिला. मासळी विकणारी ठकूबाय तर पदराने डोळे पुसत, एक शब्द न बोलता निघून गेली. "हो, हो, येतो ना!" म्हणाला तो एकटा विमा एजंट, आणि तो मला पॉलिसी विकायला आलेला.

मला फार वाईट वाटलं हो. राग पण आला. जन्मभर ज्यांना हात दिला, त्यांना याच्या नावाने दोन घास खायला वेळ नाही? गणित मांडलं, भावकी मिळवली. साठ!

"साठ?" आचारी माझ्याकडे बघतच राहिला. "दादाचंच तेरावं हाय ना?"

"शास्त्र आहे त्यात."

"मंग काय, शास्त्रापुढं आमी काय बोलनार!"

तेराव्याला बारा वाजले आणि माणसं यायला लागली. लाँचवाले, रिक्षावाले, चौलचे वाडीवाले, अख्खा कोळीवाडा. पहिली पंगत उठायच्या आत भाताच्या टोपाचा तळ दिसला. वालाच्या बिरड्यात पाणी घातलं, पुन्हा घातलं, शेवटी वाल शोधायला लागले. दुसरी पंगत बसलेली आणि पानं कोरडी. वहिनी तोंडाला पदर लावून दारात उभी. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

पंगतीत ठकूबाय! माझा तोल गेला.

"अहो, त्या दिवशी विचारलं तर एक शब्द बोलला नाहीत!"

"काय बोलनार, भाऊ?" ती पानावरूनच ओरडली. "मयताच्या घरातून 'येते' म्हनून कोन निघतं काय? पुन्ना त्याच कामाला यायची पाळी येते! उठायचं नि गप चालायला लागायचं. एवढं बी म्हाईत न्हाय तुमाला?"

माहीत नव्हतं? लहानपणी शेजारी मयत झाली, तिथून निघताना "येतो हं काकू" म्हटलं म्हणून आईने पाठीत असा धपाटा घातला होता! सगळं माहीत होतं. चार धडे शिकलो आणि विसरलो.

ठकूबाय पानावरून उठली. तिच्यामागे बाकीच्या बायका. माशांची कालवणं घरीच ठेवून जी ती आपापल्या चुलीवरचा भात घेऊन आली. दादाच्या दारात दादाच्या नावाचं जेवण गावाने गावाला वाढलं. तेव्हा कुठे मी रडलो, हातात रिकामी पळी घेऊन, लहान पोरासारखा.

भांडी निघाल्यावर वहिनीसमोर गेलो. "वहिनी, माफ कर. माझा आकडाच चुकला."

दादा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं.

"आकडा नाही चुकला, भावजी. माणूस चुकला. तुमच्या वेळी सांगू आपण साठ."

मला राग यायला हवा होता, नाही का? मी मुकाट्याने खांबाला टेकलो आणि माझ्या तेराव्याची माणसं मोजायला लागलो. बायकोला दोनदा धरलं, तरी चाळीस भरेनात.