शून्य शार्क

अंदमानला जाऊन आपण शार्क पाहणार, असं ताईनं अकोला कोर्टाच्या बाररूममध्ये महिनाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. माझी ही थोरली बहीण वकील आहे, साठीला आलीय, आणि दिलेला शब्द गिळणं तिला आजवर जमलेलं नाही. शार्क दिसला नाही तर बाकीचे वकील वर्षभर चहासोबत तिलाच चघळतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सोबतीला अमरावतीहून मी, शाळामास्तर.

आम्ही दोघं पोहायला शिकलो ते वलगावजवळ, मामाच्या मळ्यातल्या विहिरीत. तिथला नेम असा, की पाण्यात शिरण्याआधी ते धपाधप बडवायचं, म्हणजे पाणसाप कपारीत जातात.

बोटीवर डायव्हिंग शिकवणाऱ्या मुलीनं नियम सांगितले. शार्कला हात लावायचा नाही, त्याच्या मागे लागायचं नाही, त्याला खायला घालायचं नाही. हा शेवटचा नियम वऱ्हाडी माणसाला अंमळ जडच. पाण्यात आवाज न करता उतरायचं, आणि वर आल्यावर किती शार्क दिसले ते कागदावर लिहायचं. हौशी लोकांच्या अशा नोंदी जमवूनच शास्त्रज्ञांना कळतं, की कुठे शार्क टिकून आहेत आणि कुठून नाहीसे होताहेत. ताईनं त्या मुलीची यथेच्छ उलटतपासणी घेतली आणि मगच मान डोलावली.

मी अजून पाठीवरच्या हवेच्या टाकीचे पट्टे आवळत होतो. ताई शिडीच्या खालच्या पायरीवर पोचली, तेवढ्यात नावाडी हळूच म्हणाला, खाली एक आहे. खाली काहीतरी आहे म्हटल्यावर ताईच्या हातांना विहीर आठवली. तिनं दोन्ही तळव्यांनी पाणी असं बडवलं, की त्या मुलीनं कपाळालाच हात लावला.

खाली पोपटी मासे होते, पट्ट्यापट्ट्यांचे मासे होते. शार्क मात्र नव्हता.

वर आल्यावर ताई नोंदीचा कागद मांडीवर घेऊन बसली. बाररूममध्ये आता तिचं काय होणार, या विचारानं मला वाईट वाटलं. मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, एक लिहून टाक, नावाड्यानं पाहिलाच होता की.

"ते ऐकीव झालं," ती म्हणाली. "आपन पायला का?"

तिनं ठसठशीत शून्य काढलं. खाली शेऱ्यासाठी जागा होती. जन्मभर अशिलांना कबुली देऊ नका म्हणून बजावणाऱ्या या बाईनं तिथे लिहिलं, 'उतरताना मी पाणी बडवले.' मला हसू आवरेना, आणि तिचा अभिमानही वाटला. मी विचारलं, आता अकोल्यात काय सांगशील?

"हेच. सही कर खाली. साक्षीदार तूच हाय."

मी मुकाट्यानं सही केली. तिनं त्या कागदाचा फोटो काढला आणि बोट धक्क्याला लागताच बाररूमच्या ग्रुपवर टाकून दिला.