पद्मीच्या ताटावर जेवणारी

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. हडळ, पिंपळ, पांढरी साडी... वाचायचं आणि अंक बाजूला टाकायचा. जन्मभर शाळेत सायन्स शिकवलंय मी. भुताखेतांवर आजही विश्वास नाही. हे वाचून "मास्तरही फिरले" असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. मी बेळगावात आईबरोबर राहत होतो. धाकटी बहीण पद्मा निपाणीला दिलेली. आमच्यासारखेच जैन, तंबाखूचे व्यापारी, मोठं घर... मोठं म्हणजे भिंतींनी मोठं. मुलगा जिन्नू दीड वर्षाचा झाला आणि पद्मीच्या अंगात 'कुणीतरी' यायला लागलं. दिवस मावळला की तिचा आवाज जाड व्हायचा, नजर बदलायची, आणि ती भाकरी मागायची. जैनाच्या घरात, दिवेलागणीनंतर! नंतर विचारलं तर पद्मीला काही म्हणजे काही आठवत नसे.

सासरच्यांनी देवऋषी आणला. मिरच्यांची धुरी, वेताची छडी. पाठीवरचे वळ आईनं मला दाखवले तेव्हा त्या घराला आग लावावी असं वाटलं होतं, आजही वाटतं. शेवटी तिच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, तिला आमच्या दारात आणून सोडलं.

"बरी झाली तर न्यू. न्हाय तर लेकाचं दुसरं लगीन लावणार. पोरगं आमचं हाय, ते आमच्यातच ऱ्हाईल."

दाजी मागे उभे राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

बेळगावच्या कॅम्पात एक डॉक्टर होते, मुंबईला मनाच्या आजारांचं शिकून आलेले. त्यांनी पद्मीला तपासलं आणि मला सांगितलं, "भूत नाही, आजार आहे. सोसवत नाही ते बाजूला ठेवायला मन कधी कधी दुसरं माणूस उभं करतं. तिला हाकलू नका. काय हवंय ते विचारा, आणि द्या."

हवी होती भाकरी. आमच्या आईनं दिवस मावळल्यावर कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. "माझ्या हातानं रातीचं वाढणार न्हाय मी," ती म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळी पद्मीच्या अंगातली 'ती' जाड आवाजात बोलली, "म्हातारे, लेक उपाशी मेली तर चालंल व्हय तुला?" आई उठली आणि रडत रडत वाढायला लागली.

त्यानंतर 'ती' डॉक्टरांशी बोलायला लागली. तंबाखूच्या दिवसांत सासरच्या घरात पंगतीवर पंगती, सुनेनं सगळ्यांच्या शेवटी बसायचं. तोवर दिवस मावळलेला, आणि मावळल्यावर खायचं नाही. पोटुशी असतानासुद्धा. "ती उपाशी निजायची. म्हणून मी जेवते. पाप लागलं तर मला लागू दे."

मला ती आवडायची नाही, खरं सांगतो. मला 'मास्तर' म्हणायची, तेही तुच्छतेनं. पण इथवरचं सगळं डॉक्टरांच्या सांगण्यात बसत होतं. पुढचं बसत नाही.

एका दुपारी डॉक्टरांच्या खोलीत पद्मी बोलत असताना मध्येच थांबली. भर उजेडात 'ती' पहिल्यांदाच आली.

"पोराला रेल्वेत घातलंय. गुंजीला नेत्यात. एका पायात वाळा न्हाय. लई रडतोय."

मी वैतागलो. गुंजी म्हणजे बेळगावापुढचं जंगलातलं लहानसं स्टेशन, तिथं कुणाचंच कुणी नव्हतं! तरी सकाळी गाडीत बसलो, ते फक्त तिला खोटं पाडायला.

गुंजी स्टेशनाबाहेर लाकडाची वखार होती. पडवीत जिन्नू बसला होता, नाक वाहतंय, एकाच पायात वाळा. राखणदार म्हणाला, "निपाणीच्या आप्पांनी काल धाडलंय. वाळा येताना कुठं पडला म्हणं. मामानं मागितलं तरी द्यायचं न्हाय, असं सांगितलंय."

"मग मामानं मागितलंच नाही म्हणून सांगा," मी म्हणालो आणि पोराला उचललं.

वखार सासऱ्यांच्या भागीदाराची होती, हे मला तिथंच कळलं. दुसऱ्या लग्नाची बोलणी पक्की होत होती, म्हणून पोर आमच्या हाती लागू नये असं ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, सासरी असताना पद्मीनं गुंजीचं नाव ऐकलं असेल. असेल. पण वाळा? तो त्याच दिवशी पडला होता.

सासरे कोर्टाची धमकी देऊन गेले. मी म्हटलं, जावा. दाजींचं लग्न झालं आणि पोराची चौकशी थांबली. माणसं अशी असतात.

मग डॉक्टर म्हणाले, उपचाराचा शेवटचा भाग राहिलाय, दोघींना हळूहळू एक करायचं. पद्मी जिन्नूला मांडीवर घेऊन ऐकत होती.

"नको अण्णा," ती मला म्हणाली. "ती गेली आणि ह्येला परत कुठं नेलं, तर मला कोण सांगंल?"

उपचार तिथंच थांबला. डॉक्टर माझ्यावर चिडले, आणि त्यांचं बरोबरही असेल.

एका संध्याकाळी 'ती' जेवत असताना मी सरळ विचारलं, तुला कळलं कसं? तिनं घास गिळला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"पोरगं रडत हुतं मास्तर. तुमास्नी ऐकू आलं न्हाय?"

नव्हतं आलं. गुंजी कुठं, बेळगाव कुठं... कुणालाच येणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय, आणि तरीही तिच्या त्या प्रश्नाचा मला राग येतो.