स्टेलाचं एकच दुकान

स्टेला प्रोकोपिवनं तीस वर्षांत शहरातल्या मोठ्या दुकानातून काडेपेटीसुद्धा आणली नव्हती. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या तिच्या एवढ्याशा गावातली शाळा गेली, बँक गेली, धान्याचं कोठार पाडलं. उरलं ते एमिलचं वाणसामानाचं दुकान. ते टिकायचं तर गावाचा पैसा गावातच खर्च व्हायला हवा, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पेन्शन बेताची, एमिलचे भाव चढे. तोच तो कोट वर्षानुवर्षं वापरून तिनं भागवलं. तोंड मात्र भलतं तिखट. शहरातून पिशव्या भरून आणणाऱ्यांना ती चर्चच्या पायऱ्यांवर गाठायची. "काय गं, उद्या मेलीस तर खांदा द्यायला माणसंही तिथूनच आणायची का?" लोक तिला टाळायचे. तिला त्याची फिकीर नव्हती.

मार्चमध्ये शेजारीण लॉरेन तिला डोळे तपासायला शहरात घेऊन गेली. परतताना लॉरेनला त्या मोठ्या दुकानात जायचं होतं.

"चल आत. गाडीत बसलीस तर गोठशील. बघितल्यानं काही बाटत नाहीस!"

स्टेला नाक मुरडत आत शिरली आणि थबकली. पैसे भरायच्या रांगेत एमिल उभा होता.

तिचं डोकंच सणकलं. ज्याच्यापायी आपण अख्ख्या गावाशी वाकडं घेतलं, तोच इथं! त्याला चार शब्द सुनवायला ती तरातरा निघाली, तेवढ्यात त्याच्या ट्रॉलीकडे नजर गेली. राय धान्याचा काळसर पाव. तिचा चहा. तिचा साबण. खसखशीची पुडी, आणि गावात आता खसखस घेणारी ती एकटीच. एमिलचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस एका हातानं कंबर दाबून उभा होता. स्टेला मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दुकानात गेली. तेच जिन्नस फळीवर मांडलेले होते.

"एमिल, मालाचा ट्रक कधीपासून येत नाही?"

तो जरा वेळ फळी पुसत राहिला. "दोन वर्षं झाली. एका दुकानासाठी फेरी परवडत नाही म्हणाले."

"आणि तू बर्फातून ऐंशी किलोमीटर जाऊन हे आणतोस? शुद्धीवर आहेस ना?"

"बंद केलं तर तू कुठं जाशील, स्टेला? तिथलं तर तुला चालत नाही."

स्टेलाला भरून आलं. आपण गाव वाचवतोय या तोऱ्यात तिनं एका थकल्या माणसाला जुंपून ठेवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"यापुढं माझं सामान लॉरेन आणणार आहे," ती म्हणाली. "शहरातून. कालच ठरलं आमचं."

काहीच ठरलं नव्हतं. लॉरेनच्या दारात जाऊन ते मागणं अजून बाकी होतं.

"नक्की?" एमिलनं विचारलं.

"नक्की. तू आता बंद कर बाबा."

एमिलनं गल्ल्यामागचं स्टूल ओढलं आणि तो बसला. गिऱ्हाईक समोर उभं असताना बसलेला एमिल तिनं आजवर कधी पाहिला नव्हता.