मागच्या रांगेतला प्याला

बलभीम मास्तर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोहाऱ्याजवळच्या एका गावात तो शाळेत शिकवायचा अन् रविवारी तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक असायचा. मिशनच्या बोर्डिंगात वाढल्यानं इंग्रजी फर्डं बोलायचा. महिन्यातनं एकदा सोलापूरहून पाळक, म्हणजे धर्मगुरू, येऊन प्रभुभोजनाला आशीर्वाद द्यायचे, अन् ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून मनुका भिजवून काढलेल्या रसाचा प्याला मास्तर रांगेनं फिरवायचा. प्याला एक, तोंडं चाळीस.

आता फिरवायचा म्हणजे कसा? महारवाड्यातनं ख्रिस्ती झालेली घरं पुढं बसायची, मांगवाड्यातनं झालेली मागं. प्याला पुढून निघायचा. रस उतरला की मास्तर तांब्यातलं पाणी ओतून तो मागं पुरवायचा. असा ठराव कुणी केला नव्हता. मास्तरचा बाप तसाच फिरवायचा, मास्तरनं एकोणीस वर्षं तेच केलं. तो स्वतः पुढच्या घरांतला होता.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात पाच पाहुणे जीपनं आले. कोरिया, फिलिपीन्स, इंडोनेशिया, श्रीलंका अन् एक आपल्या मद्रासचे. सगळे धर्मशास्त्राचे पंडित. गोऱ्यांनी शिकवलेला ख्रिस्त किती दिवस घोकायचा? आशियातल्या गोरगरिबांना तो कुठं दिसतो ते त्यांच्याच तोंडून ऐकू अन् सगळे मिळून पुस्तक लिहू, असा त्यांचा बेत. बेत चांगलाच होता. मराठी मात्र पाचांतल्या एकालाही येत नव्हती, म्हणून दुभाष्या मास्तरच.

कस्तुराबाई खडी फोडायच्या कामावरनं उठून आली होती. मागच्या रांगेतली पन्नाशीची बाई, बोटांना चिंध्या बांधलेल्या. पाहुण्यांनी नेमकं तिलाच विचारलं.

"दुष्काळात तुमाला ख्रिस्त कुठं भेटतो, असं इचारत्यात," मास्तर म्हणाला.

कस्तुराबाईनं जरा विचार केला. "प्याल्यात तर भेटत न्हाय बगा. आमच्यापोत्तर नुसतं पानीच येतंय. हिरीवर बी आमी मागनं अन् देवापाशी बी मागनं. त्यानला सांगा मास्तर. अन् त्यांच्या मुलकात कसं देत्यात, ते बी इचारा."

मास्तरनं मान वर केली. समोरच पुढच्या घरांतले पंच आबाराव बसलेले, ज्यांच्या आज्यानं प्रार्थनामंदिराला जागा दिली होती. एवढी मोठी माणसं एवढ्या लांबून आलेली, त्यांच्यापुढं घरातली घाण काढून दाखवायची व्हय? इंग्रजीत तो म्हणाला, "ती म्हणते, ख्रिस्त आम्हाला प्याल्यात भेटतो. दुष्काळ असो की सुकाळ, आम्ही सगळे मिळून त्यातून पितो."

श्रीलंकेच्या म्हाताऱ्या पंडितांनी चष्मा काढून डोळे पुसले. कोरियाचे गृहस्थ कस्तुराबाईपुढं कमरेत वाकले. एकानं तिचा फोटो काढला.

जीप गेल्यावर तिनं विचारलं, "सांगितलंत न्हवं समदं?"

"व्हय."

"मंग काय म्हणले?"

"इचार करून कळवतो म्हणले."

झालं. ती वाट बघायला लागली. दर रविवारी पायरीवर चप्पल घालता घालता विचारायची, "आलं का ओ कायी?" मास्तर मान हलवून सटकायचा.

वर्षानं मनिलाहून पुस्तक आलं. आत कस्तुराबाईचा फोटो, खाली मास्तरनं रचलेलं वाक्य. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की पाच देशांत प्रभुभोजनाच्या वेळी हे वाक्य वाचतात. मास्तरनं पुस्तक ट्रंकेत तळाला दडपलं. पाच देशांतले लोक माझी थाप देवापुढं वाचत्यात, या विचारानं तो भाकरी टाकून ताटावरनं उठायचा. आपल्याच तोंडाची त्याला शिसारी आली. शाळेत "खरं बोला" हा धडा आला तर त्यानं पानं पुढं ढकलली.

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा विचारलं. मास्तर घरी गेला, पुस्तक आणलं अन् पायरीवर तिच्याशेजारी बसून त्यानं सगळं सांगितलं.

कस्तुराबाई स्वतःच्या फोटोकडं बघत राहिली. "म्हंजे त्यांनी माजं ऐकलंच न्हाय."

"म्याच ऐकू दिलं न्हाय, कस्तुराबाई. लाज वाटती मला. आजच पत्र लिवतो त्यानला."

"लिवा. पर ते लई लांब हायत. प्याला तर तुमच्याच हातात असतो की."

मास्तरनं पत्र टाकलं. त्याला महिन्याचा प्रभुभोजनाचा रविवार जवळ येऊ नये असं वाटत होतं, पण तो आला. पाळकांनी आशीर्वाद दिला. मास्तरनं भरलेला प्याला उचलला. आबारावांनी सवयीनं हात पुढं केला, अन् मास्तर त्यांच्या पुढ्यातनं तसाच मागं निघाला. टेबलापासून शेवटच्या रांगेपर्यंत बारा पावलं. आबाराव उठून बाहेर गेले, मागोमाग दोन घरं गेली.

कस्तुराबाईनं प्याला दोन्ही हातांनी धरला, घोट घेतला अन् तोंडात घोळवून मग गिळला.

"ग्वाड असतंय व्हय ओ हे," ती हळूच म्हणाली.

मास्तरला तिच्याकडं बघवलं नाही.