बाई दाखला अडवू शकतात का?

माझ्या वर्गातल्या एकोणचाळीस मुलांचं अक्षर एकसारखं होतं, आणि ते तसं मी केलं होतं. फुलंब्रीच्या पुढं आत एक गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सातवीला शिकवत होते. शहरातून रोज अप-डाऊन. परिपाठ झाला की पंधरा मिनिटं दुरेघी वहीवर सुलेखन, मग परीक्षा असो की पाहुणे येणार असोत. 'क'चं पोट गोल, काना सरळ, शिरोरेघ पट्टीनं मारल्यासारखी. तालुक्याच्या हस्ताक्षर स्पर्धेत आमचा नंबर ठरलेला असे. कुणी साहेब आले की आमचे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, दोन वह्या पुढं करायचे, नावं झाकून. "सांगा साहेब, दोन पोरांच्या का एकाच पोराच्या?" साहेबांना सांगता यायचं नाही. मला त्याचा अभिमान होता. असायलाही हरकत नव्हती.

त्या वर्षी जुलैत माझं प्रशिक्षण लागलं. शहरात, उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेचा हॉल, तीन दिवस. मुलांच्या प्रश्नांतून कसं शिकवायचं आणि अडचणीतल्या मुलाला आधार कसा द्यायचा, असा विषय. शिकवणारा तरुण होता, माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. तो म्हणाला, उत्तर द्यायची घाई करू नका, मुलांना विचारू द्या. मागून एक गुरुजी म्हणाले, "सर, आमची पोरं दिवसभर एकच प्रश्न विचारतात, लघवीला जाऊ का?" हॉल हसला. तोही हसला, आणि तो प्रश्न त्यानं फळ्यावर पहिला लिहिला. तिथं तो मला आवडला. तिसऱ्या दिवशी त्यानं प्रश्नपेटी सांगितली. खोक्याला फट पाडायची, मुलांनी नाव न घालता चिठ्ठ्या टाकायच्या. "जे मूल तोंडानं बोलत नाही, त्याला बोलायची एक जागा मिळते," असं तो म्हणाला.

मी परत आले आणि बुटांच्या खोक्याची पेटी केली. चिठ्ठ्या सारख्या मापाच्या कापून दिल्या, निळं पेन सक्तीचं. काम करायचं तर नीट करायचं. शनिवारी पेटी उघडायची. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी का असते? लेण्यातला रंग इतकी वर्षं टिकतो, शाळेचा दोन वर्षांत का उडतो? मोठे सर खुर्चीत झोपल्यावर त्यांना स्वप्नं पडतात का? हा शेवटचा मी वाचून दाखवला नाही, पण मोठ्या सरांना दाखवला. ते म्हणाले, "पडतात म्हणावं. तुमचीच पडतात."

ऑगस्टमध्ये एका शनिवारी चिठ्ठी निघाली: 'बाई दाखला अडवू शकतात का?'

मी ती वर्गात वाचली नाही. पर्समध्ये ठेवली. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. आमच्याकडं वर्षाच्या मध्येच तो न्यायला पालक येतात, तेव्हा दोनच गोष्टी असतात. एक तर घर हलतंय, नाहीतर पोरगी हलतेय. कुणाला तरी आपला दाखला निघणार हे कळलं होतं, आणि मी तो अडवावा अशी त्याची इच्छा होती. किंवा तिची. मी 'तिची' धरून चालले.

दुपारी सगळ्या वह्या काढून बसले. चिठ्ठी शेजारी ठेवून एकेक वही उलटली. 'द'चा पाय, 'ख'ची जोडणी, 'ळ'. सगळीकडं माझाच 'ख', माझाच 'ळ'. मोठे सर माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले.

"काय शोधता, बाई?"

"हे कुणी लिहिलं ते."

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग लांब नेली. "तुम्हीच लिहिलंय की."

"सर, चेष्टा नको."

"चेष्टा नाय करत. छापखाना काढलाय तुम्ही, आता खिळा कुठला ते कसं कळणार?" मग ते खुर्चीत बसले आणि साधेपणानं म्हणाले, "आणि अडवता येत नसतो दाखला. बापानं अर्ज केला की द्यायचा. आपण कोण नाय म्हणणारे?"

"कारण तर विचारता येतं."

"विचारा की. सांगतील ते लिहायचं."

सोमवारी मी वर्गात सांगितलं. एका चिठ्ठीत दाखल्याचा प्रश्न होता, त्याचं उत्तर देते. मला दाखला अडवता येत नाही. पण माझ्याकडं दाखला मागायला कुणीही आलं, तर मी तीन गोष्टी विचारल्याशिवाय पेन उचलणार नाही. मूल कुठं चाललंय? का चाललंय? आणि त्याला स्वतःला जायचंय का? तिसरं मी त्या मुलालाच विचारीन. वर्गात कुणी मान वर केली, कुणी खाली घातली, ते मी बघत होते. काही कळलं नाही. पहिल्या बाकावरची माझी सगळ्यात चांगल्या अक्षराची मुलगी वहीत काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, नीट ऐकतेय, लिहून घेतेय.

माझा संशय दोघींवर होता. दोघी बहिणी, मेंढरं राखणाऱ्या घरच्या. त्यांच्या थोरलीचं लग्न नववीतच झालेलं. मी एकदा शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. आई चुलीपुढं होती. मी आडून आडून विचारलं. ती म्हणाली, "सरळ बोला ना बाई. पोरींची शाळा काढणार का म्हून इचारायला आलात?"

"हो."

"थोरलीचं केलं ती चूक झाली. ती चूक मला रोज दिसती. आता ह्या दोघींची नाय काढणार." मग चहाची कपबशी माझ्यासमोर जरा आपटून ठेवत म्हणाली, "सगळ्याच घरी जाता का इचारायला, का आमच्याच?"

मी चहा प्यायले.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात पहिल्या बाकावरच्या मुलीचे वडील आले. गावातलं बरं घर. वडिलांची जमीन बागायती, शिवाय शहरात नोकरी, रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन. शाळेच्या कुंपणाला त्यांनीच तारा दिलेल्या. हातात पेढ्याचा पुडा होता.

"मॅडम, पोरीला सिटीत टाकतोय. उस्मानपुऱ्याला माझी बहीण असते, तिच्याकडं राहील. इंग्लिश मीडियम. तुमचं अक्षर घेऊन चालली बरं का!"

मोठे सर म्हणाले, "वा! बाई, लिहा दाखला."

आमच्या शाळेचे सगळे दाखले मी लिहायची, अक्षरामुळं. जनरल रजिस्टर काढलं. मुलीला वर्गातून बोलावलं. ती टेबलापाशी उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, शहाणी माझी, म्हटलं, आणि लिहायला बसले. जन्मतारीख अंकी, अक्षरी. प्रगती चांगली. वर्तणूक उत्तम. शाळा सोडण्याचं कारण: पुढील शिक्षणासाठी. दहा मिनिटांचं काम. शिक्का मारला, सरांनी सही केली, एक पेढा मीही खाल्ला.

वडील बाहेर मोटारसायकलकडं गेले. मुलगी मागं राहिली. तिनं पेनाचं टोपण टेबलावरून उचलून माझ्या पेनाला लावलं आणि हळू म्हणाली, "बाई, तुमी तीन प्रश्न इचारले नाय."

मला काय झालं ते लगेच कळलं. तरी मी विचारलं, "चिठ्ठी तुझी?"

बाहेरून हॉर्न वाजला.

मी तिच्या मागोमाग बाहेर गेले. आणि तिथं माझ्याकडून दुसरी चूक झाली. घाईघाईनं, गाडीपाशीच उभं राहून, वडिलांच्या समोर विचारलं, "हिला जायचंय का, विचारलंत?"

वडील हसले. "लेकराला काय कळतंय, मॅडम? बरं, विचारा." मग स्वतःच तिच्याकडं वळून म्हणाले, "काय गं, जायचंय ना आत्याकडं?"

"व्हय," ती म्हणाली. गाडीवर बसली. दप्तर मध्ये घेतलं.

डिसेंबरात प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा होता, त्याच हॉलमध्ये. आत्याचा पत्ता वडिलांनीच मोकळेपणानं दिला होता, कधी आलात तर चहाला जा म्हणून. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले. हॉलपासून चालत सात-आठ मिनिटं. दुसरा मजला. दार तिनंच उघडलं. कडेवर एक बाळ, आणि दुसरं आत सतरंजीवर पालथं पडून रडत होतं. जुळी होती.

"आत्या?"

"ड्युटीला. दोघंबी. सहाला येत्यात."

"तुझी शाळा?"

"जूनपासून म्हणलेत. आता मधीच कुणी घेत नाय म्हणे."

खोटं होतं ते. सरकारी शाळा वर्षात कधीही घेते. इंग्लिश मीडियम लांबच राहिलं. मी विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं?"

"जुळी झाली तवाच आई-आत्याचं ठरलं. मी ऐकलं होतं." बाळाला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, सवयीनं. "मारत-बिरत नायत, बाई. जेवायला चांगलंय. टीव्ही बी आहे." मग विचारलं, "पेटी आहे का अजून?"

"आहे."

"शेळीच्या डोळ्याचं सापडलं का उत्तर?"

"अजून नाही."

आतलं बाळ फारच रडायला लागलं म्हणून ती गेली. मी जिन्यातूनच तिच्या वडिलांना फोन लावला. ते तुटक बोलले नाहीत, समजावणीच्या सुरात बोलले. "मॅडम, सख्खी आत्या आहे, परकं घर नाही. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. तुम्ही दाखला दिलाय ना? मग तुमचं काम झालं."

हॉलवर परत आले तेव्हा सत्र सुरू झालं होतं. ज्यानं-त्यानं आपल्या पेटीतला एक प्रश्न सांगायचा, आणि तो मुक्त आहे की बंदिस्त ते सगळ्यांनी ठरवायचं. माझी पाळी आली. चिठ्ठी पर्समध्येच होती, ती दिली. तरुणानं मोठ्यानं वाचली. "छान. हा बंदिस्त प्रश्न. उत्तर हो किंवा नाही. याला मुक्त कसं करता येईल?" हात वर झाले. दाखल्याचे उपयोग कोणते? दाखला नसता तर काय झालं असतं? त्यानं चिठ्ठी चार्टपेपरवर चिकटवली आणि तिच्याखाली दोन्ही वाक्यं लिहिली.

चहाच्या वेळी मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता. कप खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, पेटीच्या पुढचं आम्हालाही कुणी शिकवलेलं नाही." चिठ्ठी चार्टवरून सोडवून त्यानं मला परत दिली. एक कोपरा डिंकाला चिकटून फाटला.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, "दाखला निघाला म्हणजे तुमच्या पटावरून ती गेली. शहरातल्या कुठल्या शाळेनं घेतली नाही म्हणजे तिथल्या पटावर आली नाही. ती पटावर कुठंच नाही, तर मी कुणाला विचारू?" तरी त्यांनी पत्ता लिहून घेतला. माणूस पाठवतो म्हणाले.

पाठवला. जानेवारीत त्यांचाच फोन आला. आत्यानं त्या माणसाला दाखला दाखवला होता, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला. प्रवेशाची तयारी चालू आहे, हे बघा, बाईंनी स्वतः लिहिलंय, पुढील शिक्षणासाठी. "कागद पक्का आहे, मॅडम," साहेब म्हणाले. "यावर काय करणार? आणि अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं."

जूनमध्ये मी तिच्या वडिलांना परत फोन केला. जुळी आता रांगायला लागलीत, म्हणाले, आता तर क्षणभर सोडता येत नाही. पुढच्या जूनला नक्की.