मागच्या दाराचं पॅकेट

काल्हेरच्या गोदामात मी नेटवर्क सांभाळतो. तिथे मी एकदा स्वतःचा असेंब्लर, म्हणजे लिहिलेले नियम यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा प्रोग्राम, लिहिला. नेटवर्कवरून जाणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट तपासून ठेवायचं की फेकायचं, हे फिल्टर ठरवतो. त्याच्या खालच्या पातळीच्या भाषेत 'इथून पाच ओळी पुढे उडी मार' असं आकड्यात सांगावं लागतं. ती मोजदाद हाताने करायचा मला वैताग आला होता. आता मी जागेला नाव द्यायचं आणि आकडा असेंब्लरने काढायचा. "बाजारात तयार मिळतं की! कशाला हे चोचले?" मॅनेजर म्हणाले. पण मला मिरवायचं होतं.

आमच्या अंजूरची, शेजारची एक काकी तिथे पॅकिंगला होती. ती बांधावरून चालत मागच्या दाराने यायची. तिथलं हजेरीचं मशीन वापरणारी ती एकटीच. त्या मशीनचा नियम लिहिताना मी मधेच कौतुकाने एक टीप टाकली, 'काकीचं दार'. टीप माणसाने वाचायची असते, ओळींच्या मोजणीत धरायची नसते. माझ्या दीडशहाण्या असेंब्लरने ती धरली. उडी एक ओळ पुढे जाऊन 'ठेव'ऐवजी 'फेक'वर पडली.

तीन दिवस काकी अंगठा लावत होती आणि माझा फिल्टर तिची हजेरी फेकत होता. सलग तीन खाडे झाले की आमचा ठेकेदार सरळ माणूस बदलतो.

काकी माझ्या टेबलाशी आली. "मी रोज आलेली हाय, पोरा. अंगठा लावलेला हाय. तुला त्यातलं कळतं, तू सांग त्यांना."

दहा मिनिटांत मला चूक सापडली. मी ती गुपचूप दुरुस्त केली. इतक्यात ठेकेदाराने येऊन विचारलं, "मशीन में कुछ लफडा था क्या?"

मॅनेजर शेजारीच उभे होते.

"नहीं, मशीन बराबर है," मी म्हणालो. त्या क्षणी ते खरंच बरोबर होतं, ही पळवाट मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला ऐकवली. लाज वाटते. ठेकेदाराने काकीला दुपारीच कायमचं घरी पाठवलं. माझ्या असेंब्लरचं मात्र पुढच्या बैठकीत कौतुक झालं.

महिनाभर मी तिला टाळलं, मग एकदा ती अंजूरच्या रिक्षात बसलेली दिसली. तोंड फिरवून निघणार, तेवढ्यात तिनेच हाक मारली.

"माझाच अंगठा झिजला असंल रं. तू तरी काय करशील?"

असं म्हणून ती सरकली आणि तिने मला जागा करून दिली. मी बसलो.