लोथलच्या ठशामागचं कापड

लोथलला जायचं ठरवलं ते आमच्या शाळेने, मी नव्हे. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याबद्दल चांगलं मत करून घेण्याचे तुमचे कष्ट वाचतील. सुरतच्या एका खाजगी शाळेत मी सहावीला इतिहास शिकवते. मुलांची सहल काढण्याआधी जागा पाहून यावी, असं प्रिन्सिपल मॅडमचं म्हणणं पडलं. त्या अहमदाबादहून परस्पर येणार होत्या. माझ्यासाठी भाड्याची गाडी, जाऊन-येऊन सात हजार, खर्च शाळेचा. गाडीत जागा होती, म्हणून आबांनाही घेतलं.

आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडून आले आणि कडोदऱ्याला पस्तीस वर्षं पॉवरलूम चालवला. कान तिथेच ठेवून आले. शेडमध्ये माग एकदम खडखडायला लागले की शेजारच्याची हाकसुद्धा पोचत नाही, म्हणून तिथली माणसं ओठ बघून बोलतात. आईही तिथेच बॉबिन भरायची. ती दोघं गल्लीच्या दोन टोकांवरून अजिबात आवाज न करता कडकडून भांडायची, आणि आम्ही पोरं ओट्यावर बसून ते बघायचो.

शाळेत मी सांगितलंय, ‘वडील टेक्स्टाइल लाइनमध्ये होते.’ सुरतमध्ये टेक्स्टाइल लाइन म्हटलं की लोक साड्यांचं दुकान समजतात. मी समजू दिलं.

सकाळी सहाला निघालो. कतारगाम, कामरेज आणि मग हायवे. भरूचला थांबून खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, घ्याच, चाळीस रुपयांत रस्ताभर पुरते. तिथे ड्रायव्हर किरीटभाई आरशात बघत माझ्याशी पुटपुटला, “काकाने संभळातुं नथी ने?” काकांना ऐकू येत नाही ना. मागून आबा ताडकन म्हणाले, “सांभळतो नथी भाई, जोउं छुं!” ऐकत नाही, बघतो. किरीटभाई इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

वसदहून तारापूर, तिथून वटामण चोकडी. पुढे ट्रक आणि धूळ, शिवाय लोथलपाशी मोठं बांधकाम चालू आहे. साडेपाच तास धरा. पाणी आणि टोपी सोबत ठेवा. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं.

वाटेत आबांकडे तोंड करून मी माझा लाडका तक्ता त्यांना समजावला. इजिप्त, इराक आणि आपण, तिघांनाही नदीने पोसलं. इजिप्तने राजाच्या मढ्यासाठी डोंगराएवढी थडगी बांधली. इराकने देवळं बांधली आणि मातीच्या पाट्यांवर सगळं लिहून ठेवलं, अगदी विणकर बायकांना किती जव वाटले तेसुद्धा. आपल्याकडे ना राजाचं नाव, ना मोठं देऊळ, पण विटा एका मापाच्या आणि गटारं झाकलेली. लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही.

“मंग आपला इनकरसनं नाव कोठे शे?” आबांनी विचारलं.

“नाही सापडलं, आबा.”

“तठेबी नही,” तिथेही नाही, एवढं बोलून ते शिंग सोलत बसले.

लोथलची गोदी म्हणजे विटांनी बांधलेला भलामोठा हौद. चार हजार वर्षांपूर्वी इथे जहाजं लागत, असं म्हणतात. काहीजण म्हणतात तो नुसता तलाव. वाद घालणाऱ्यांना घालू द्या, विटा मात्र बघण्यासारख्या आहेत. संग्रहालयाचं तिकीट पाच रुपये. आत एका पेटीत मालाच्या गठ्ठ्यांवर मारलेले मातीचे ठसे आहेत. पुढून व्यापाऱ्याची मुद्रा. पाठीमागे, ज्या कापडावर ओली माती दाबली, त्या कापडाची वीण उमटलेली. मी तक्त्यात ‘व्यापार’ असं लिहून हे दरवर्षी शिकवते. पाठीमागची बाजू मी कधी नीट बघितली नव्हती.

आबा काचेला नाक लावून उभे राहिले. मग शेडमधल्या त्यांच्या आवाजात ओरडले, “देख, देख! ताना घट शे, बाना ढिला शे. आठे तार तुटेल व्हता, यानी गाठ मारी. हाऊ घाईमा व्हता!” आयुष्यभर ज्या चुकांसाठी शेठची बोलणी खाल्ली, त्याच चुका, सैल आडवे धागे, तुटलेली तार, घाईची गाठ, ते चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कापडात शोधत होते. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

नेमक्या तेव्हाच मॅडम आत आल्या. आबांच्या मळक्या टोपीकडे बघत त्यांनी विचारलं, “आ काका कोण छे?”

आबा पेटीच्या पलीकडे होते. मी आवाज अगदी खाली आणला. ऐकू येत नाही त्यांना, असं मनाला सांगितलं, आणि म्हणाले, “अमारा गामना छे. गाडीमां जग्या हती.”

गावाकडचे आहेत, गाडीत जागा होती. पस्तीस वर्षं माग चालवलेला बाप मी असा दोन वाक्यांत उडवला, आणि मॅडमबरोबर गोदी बघायला गेले. मॅडमना जागा पसंत पडली. बसचं पार्किंग चांगलं आहे म्हणाल्या.

वटामणला जेवलो. शेव-टामेटा, बाजरीचा रोटला, ताक; माणशी दीडशे, आणि चव झकास. आबा किरीटभाईच्या टेबलावर जाऊन बसले. मला वाटलं, दोघांची दोस्ती जमली. परतीला पुढच्या सीटवर बसले, तेव्हाही वाटलं, मागे कंबर अवघडली असेल. शिकवणाऱ्या माणसाला स्वतःला काही कळायला किती वेळ लागतो बघा.

संध्याकाळी घरी पोचलो. शेजारच्या वत्सलाकाकू दारातच होत्या. “आबा, कुठे जाऊन आलात?” त्यांनी हाताने खूण करत विचारलं.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. “ह्या मास्तरीनबाई आमना गावन्या शेतस,” ते म्हणाले. “त्यासनी गाडीमा जागा व्हती.”

काकू हसल्या, कारण आबा अधूनमधून अशी थट्टा करतात.

सहल पुढच्या महिन्यात आहे. तुम्हीही जा, मुलांना न्या, आणि ठशांची मागची बाजू बघायला विसरू नका. मी शाळेत मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “अरे, तो शुं थयुं?” त्यात काय झालं. त्यांच्या लेखी खरंच काही झालं नव्हतं.

घरी आबांना ते सांगायला मी रोज त्यांच्यासमोर जाऊन बसते. माझे ओठ हलायला लागले की ते मान खिडकीकडे वळवतात.